वेळेचं सोंग आणता येत नाही

दर काही महिन्यांनी यूट्यूबवर कुणीतरी दीड-दोन तासांचा व्हिडिओ टाकतं. विषय ठरलेला: 'ड्रॅगन एज २' या गेमवर जगानं कसा अन्याय केला. २०११ मध्ये हा गेम आला तेव्हा चाहत्यांनी त्याला शिव्या घातल्या, कारण त्यांना पहिल्याच भागाची झेरॉक्स हवी होती. गेम काळाच्या पुढे होता. त्यातल्या ज्या उणिवा वाटतात त्या उणिवा नाहीतच, तो आशय आहे. आता डोकं शांत ठेवून पुन्हा खेळा, रत्न आहे रत्न. खाली लोक 'अगदी मनातलं बोललास भावा' म्हणून बदाम टाकून जातात.

माझं म्हणणं असं की तेव्हाचे चाहते बरोबर होते. त्यांनी शिव्या चुकीच्या माणसांना घातल्या, त्याबद्दल पुढे बोलूच. पण तक्रार खरी होती. ती 'नॉस्टॅल्जिया' म्हणून उडवून लावणं म्हणजे दुकानदारानं कमी माप दिल्यावर गिऱ्हाइकानंच त्याची बाजू घेऊन भांडण्यासारखं आहे.

ज्यांनी यातलं काहीच खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बायोवेअर ही कॅनडातल्या एडमंटनची कंपनी, १९९५ साली काही डॉक्टरांनी सुरू केलेली. (खरेखुरे, औषधं देणारे डॉक्टर.) १९९८ मध्ये त्यांनी 'बॉल्डर्स गेट' काढला आणि संगणकावर गोष्ट कशी खेळायची याची एक रीतच पाडली. त्याच रीतीतला 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' नोव्हेंबर २००९ मध्ये आला. मधल्या काळात, २००७-०८ मध्ये, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजे ईए या बड्या प्रकाशकानं बायोवेअर विकत घेतली होती. 'ओरिजिन्स'नंतर सोळा महिन्यांनी, ८ मार्च २०११ ला, 'ड्रॅगन एज २' बाजारात होता.

'रोल-प्लेइंग'साठी मराठीत शब्द शोधत बसायची गरज नाही. सोंग हा शब्द आहे. आमच्या गंगाखेडच्या वरच्या अंगाला, याच गोदावरीच्या काठी पैठण आहे, आणि तिथल्या एकनाथांच्या भारुडांत माणूस कधी जोशी होतो, कधी वासुदेव, कधी विंचू चावलेली बाई. मराठवाड्यात सप्ताहाला, जत्रेला सोंगी भारूड बघितलेल्या पोराला 'तू दुसरा कुणीतरी हो आणि त्याच्या तोंडानं बोल' ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. सोंगाचा एक नियमही त्याला ठाऊक असतो: सोंग कुणाचं घेतलंय त्यावरून पुढचं सगळं ठरतं. जोश्याचं सोंग घेऊन वासुदेवाचं बोलणं बोललात तर पहिल्या रांगेतली म्हातारीच टोकते.

'ओरिजिन्स'नं हा नियम गाभ्याशी ठेवला. सुरुवातीलाच गेम विचारतो, तुझा जन्म कुठला? उत्तरं सहा. उमराव घराण्यातला माणूस, शहराच्या कोंडवाड्यात राहणारा एल्फ, जंगलातला डेलिश एल्फ, जादूगारांच्या मनोऱ्यात कोंडलेला विद्यार्थी, बुटक्यांच्या राजघराण्यातला मुलगा, आणि बुटक्यांच्याच नगरीतला जातीबाहेरचा. प्रत्येकाची पहिली तास-दोन तासांची गोष्ट वेगळी. नंतर सगळे एकाच मोठ्या कथेत येऊन मिळतात, पण जन्म अंगाला चिकटून राहतो.

शेवटच्या त्या जातीबाहेरच्यावर मी जरा थांबणार आहे. या बुटक्यांची ऑर्झॅमार नावाची नगरी जमिनीच्या पोटात आहे. तिथे जाती आहेत: उमराव, योद्धे, लोहार, कारागीर, व्यापारी, खाणकामगार, नोकर. आणि या सगळ्यांच्या खाली जातीबाहेरचे. त्यांच्या चेहऱ्यावर लहानपणीच खूण गोंदवलेली असते, म्हणजे लांबून ओळखू यावं. त्यांना हत्यार धरायचा हक्क नाही, धंद्याचा हक्क नाही, वस्ती वेगळी. तुम्ही हे सोंग घेतलंत की एका प्रसंगात दारू पिऊन पडलेल्या एका योद्ध्याचं चिलखत चढवून त्याच्या नावानं आखाड्यात उतरता. जिंकता. शिरस्त्राण उतरतं, चेहऱ्यावरची खूण दिसते, आणि ज्या लोकांनी आत्ता टाळ्या वाजवल्या त्यांच्यासाठी तुमचं जिंकणं हाच गुन्हा ठरतो. रवानगी कोठडीत.

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला या प्रसंगाची तळटीप लागत नाही.

पुढे कितीतरी तासांनी तुम्ही ग्रे वॉर्डन होऊन, म्हणजे जगाला वाचवू शकणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक होऊन, त्याच नगरीत परत येता. राजा मेलाय, गादीसाठी दोघं भांडतायत. हॅरोमाँट हा शब्दाला जागणारा, सभ्य, परंपरा मानणारा म्हातारा. बेलेन हा राजपुत्र कपटी आहे, स्वतःच्या भावांच्या रक्तानं त्याचे हात माखलेले आहेत. साधा गेम असता तर इथे काही अवघड नव्हतं. पण हॅरोमाँट गादीवर बसला की जातीची बंधनं आणखी आवळली जातात. बेलेन बसला की तो हुकूमशहा होतो, पण जातीबाहेरच्यांना लढायचा आणि त्याबदल्यात माणूस म्हणून जगायचा हक्क देतो. आणि तुमच्या सोंगाची सख्खी बहीण एव्हाना बेलेनच्या मुलाची आई झालेली असते.

सभ्य माणसाच्या हातात जुनी व्यवस्था द्यायची, की खुनी माणसाच्या हातून ती मोडायची? गेम उत्तर सांगत नाही. गुण देत नाही. शेवटी पडद्यावर चार ओळी येतात आणि तुम्ही केलेल्या निवडीचं पुढे काय झालं ते कळतं, बस. मी उमरावाचं सोंग घेऊन खेळलो तेव्हा हॅरोमाँटला गादी दिली. जातीबाहेरच्याचं घेतलं तेव्हा हात आपसूक बेलेनकडे गेला. तोच प्रश्न, तीच दोन माणसं, खेळणाराही मीच. फक्त जन्म बदलला होता. वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला मला हे इतकं नीट कुणी शिकवलं नव्हतं.

'ड्रॅगन एज २'नं पहिल्यांदा काय काढून टाकलं असेल तर ते हेच.

दुसऱ्या भागात जन्माचा प्रश्नच नाही. तुम्ही माणूस आहात, आडनाव हॉक आहे, युद्धात गाव जळाल्यामुळे घरच्यांसोबत पळून कर्कवॉल नावाच्या बंदराच्या शहरात आलेले निर्वासित आहात. निर्वासिताची गोष्ट वाईट नाही, उलट फार चांगली आहे. पण थोडं पुढे गेल्यावर कळतं की आई याच शहरातल्या खानदानी घराण्यातली, मामानं जुगारात वाडा घालवलेला. एक मोहीम मारून पैसे आणले की वाडा परत. म्हणजे जगात खालून वर बघायची जी एक खिडकी पहिल्या भागानं उघडली होती ती दुसऱ्यानं बंद केली आणि तिथे आपल्या ओळखीची मालिका लावली: वाडा गेला, वाडा आला.

आता बचावाचं पहिलं म्हणणं. आमचा एक मित्र हे नेहमी ऐकवतो: "अरे, पण लिखाण बघ की! वॅरिक बघ, अ‍ॅव्हलिन बघ, तो अरिशोक बघ." बघितलंय. मान्यच आहे. वॅरिक हा थापा मारणारा बुटका हॉकची सगळी गोष्ट चौकशीसाठी आलेल्या बाईला सांगतोय, आणि मध्येच ती त्याला 'खोटं बोलू नकोस' म्हणून थांबवते, ही रचना मला आजही आवडते. शहराच्या गोदीत तळ ठोकून बसलेला परधर्मी सेनापती अरिशोक, जो तुमच्याशी तुटक आणि खरं बोलतो, हे बायोवेअरनं लिहिलेलं सगळ्यात चांगलं प्रतिस्पर्ध्याचं पात्र असेल. जग वाचवण्याऐवजी एकाच शहरात काही वर्षं राहायचं, तीन अंकांत ते शहर सडताना बघायचं, ही कल्पना तर 'ओरिजिन्स'च्या राक्षसांच्या टोळधाडीपेक्षा किती तरी वरची आहे.

राग येतो तो म्हणूनच. भिकार कल्पनेचा भिकार गेम कुणाच्या लक्षातही राहत नाही.

शहर सडताना बघायचं तर शहर बदललं पाहिजे. पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या मध्ये तीन वर्षं जातात. बाजारातले तेच गाळे, तिथेच, तसेच. आपल्याकडे तालुक्याच्या गावात तीन वर्षांनी परत आलात तर बसस्टँडसमोरची निम्मी दुकानं ओळखू येत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानाचं मोबाईल शॉपी झालेलं असतं, त्याचं केक शॉप. कर्कवॉलमध्ये युद्ध होऊन गेलं तरी पाटी हलत नाही.

आणि ती गुहा. 'ड्रॅगन एज २' खेळलेल्या माणसाला नुसतं 'ती गुहा' म्हणा, तो हसेल किंवा कपाळाला हात लावेल. शहराबाहेर जेवढ्या गुहा आहेत त्या सगळ्या एकच गुहा आहे. एका कामाला या तोंडानं आत जायचं, दुसऱ्याला त्या तोंडानं, मधला एखादा रस्ता दगडी दार लावून बंद. कोपऱ्यातल्या नकाशावर मात्र बंद दारापलीकडची वाट तशीच दिसते, कारण नकाशा बदलायलाही कुणाला सवड मिळाली नव्हती. गोदामं एकच. वाड्यांची आतली रचना एकच. लढाईत चार गुंड मारले की आणखी चार कुठून तरी वरून टपकतात, ते मारले की आणखी चार. पहिल्या भागात कॉम्प्युटरवर खेळताना कॅमेरा वर नेऊन, खेळ थांबवून, बुद्धिबळासारखी मांडणी करता यायची. ती सोयही गेली, कारण वरून टपकणाऱ्यांपुढे मांडणी करून उपयोगच नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे तोच कोड पुन्हा वापरण्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. आमच्या धंद्यात तो सद्गुण आहे. एकदा लिहिलेलं चार ठिकाणी चाललं तर साहेब पाठ थोपटतो. पण नवी इमारत बांधायच्या कराराखाली त्याच खोलीचं दार चार दिशांनी उघडून दाखवलं तर त्याला पुनर्वापर म्हणत नाहीत. आणि असं काम कोणत्या परिस्थितीत होतं हे ज्यानं एकदा रिलीजच्या आदल्या रात्री ऑफिसात जेवण मागवलंय त्याला बरोबर कळतं. ती गुहा आळशी माणसांनी बनवलेली नाही. थकलेल्यांनी बनवलेली आहे.

'ओरिजिन्स' २००४ मध्ये पहिल्यांदा लोकांना दाखवला गेला आणि २००९ मध्ये आला. दुसरा भाग साधारण चौदा ते सोळा महिन्यांत उरकला, हे त्यावर काम केलेल्यांनीच नंतर सांगितलंय. बायोवेअरचाच 'स्टार वॉर्स'वरचा अवाढव्य ऑनलाइन गेम लांबला होता, हिशेबाच्या वहीत खड्डा पडला होता, आणि तो बुजवायला काहीतरी हवं होतं. ईएचं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच मार्चअखेर संपतं. गेम ८ मार्चला आला. मार्च एंडिंग म्हणजे काय हे मराठी वाचकाला मी सांगायला नको. कुठल्याही गावात फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक डांबर पडायला लागतं आणि जूनमध्ये त्याची खडी दिसायला लागते.

'ओरिजिन्स'चे एक प्रमुख डिझायनर ब्रेंट नोल्स २००९ मध्येच कंपनी सोडून गेले. दुसऱ्या भागाची दिशा पटत नव्हती हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे आत बसलेल्यांनाही दिसत होतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. या गेमनं दाखवलं की वेळेचंही येत नाही.

इथे कुणी शहाणा म्हणेल, मग 'बॉल्डर्स गेट २'? पहिला डिसेंबर १९९८ चा, दुसरा सप्टेंबर २००० चा, दोन वर्षंसुद्धा नाहीत, आणि दुसरा पहिल्यापेक्षा सरस. हा आक्षेप चांगला आहे, म्हणून नीट उत्तर देतो. त्या गेममध्ये बहुतेक संवाद लिखित होते. पडद्यावर मजकूर येतो, तुम्ही वाचता, खालच्या चार-सहा वाक्यांतलं एक निवडता. इंजिन पहिल्याच भागाचं, पार्श्वभूमी चित्रांची. असं असताना नवा फाटा फोडायचा खर्च म्हणजे लेखकाची एक दुपार. 'ओरिजिन्स'मध्ये बाकीची पात्रं आवाजात बोलतात, पण नायक मुकाच ठेवला होता, त्याची वाक्यं फक्त मजकुरात. म्हणूनच सहा जन्म परवडले. मुक्या नायकाला बुटका करा की एल्फ, ध्वनिमुद्रण तेवढंच.

'ड्रॅगन एज २'नं नायकाला आवाज दिला. सिनेमासारखं वाटावं म्हणून. त्यासाठी एक पुरुष आणि एक बाई, हॉकचं प्रत्येक वाक्य दोनदा रेकॉर्ड. आता यात सहा जन्म घाला आणि हिशेब करून बघा. शिवाय वाक्याऐवजी एक चाक आलं: वर साळसूद, मध्ये विनोदी, खाली तापट, शेजारी खुणेचं चित्र. तुम्ही 'बघू' असं काहीतरी दोन शब्दांचं निवडायचं आणि हॉक स्वतःच्या मनानं तीन वाक्यं बोलून मोकळा. सोंग तुम्ही घेतलंय आणि संवाद भलताच कुणीतरी मागून म्हणतोय. पैसे कुठे घालायचे हा निर्णय होता. ते आवाजावर घातले, फाट्यांवर नाही. २०२३ मध्ये बेल्जियमच्या लारियन कंपनीनं 'बॉल्डर्स गेट ३' काढला, त्यात जवळजवळ सगळं जग आवाजात बोलतं आणि नायकाची संवादातली उत्तरं मात्र पुन्हा मजकुरात आहेत. त्यामुळे 'आजच्या प्रेक्षकाला मुका नायक चालत नाही' हे जे २०११ मध्ये सांगितलं जात होतं, त्याचं काय ते बघून घ्या. त्या वर्षीचे सगळे मोठे पुरस्कार त्या मुक्यानंच नेले.

बचावाचं दुसरं म्हणणं जास्त हुशार आहे आणि मला जास्त खटकतं. ते असं: 'ड्रॅगन एज २' हतबलतेबद्दल आहे. तुम्ही काहीही केलंत तरी शहर पेटतंच, आई मरतेच, म्हणून निवडीला अर्थ नाही ही तक्रार चुकीची; निवडीला अर्थ नसणं हाच अर्थ.

आईचं मरण घेऊ. दुसऱ्या अंकात एक खुनी शहरातल्या बायकांना पळवतोय. तुम्ही माग काढता, उशीर होतो, आई तुमच्या हातात मरते. टाळता येत नाही. हा प्रसंग मी मान खाली घालून मान्य करतो. कारण खुन्याचे धागे पहिल्या अंकापासून पेरलेले आहेत, शहराचा ढिसाळपणा दिसलेला आहे, आणि जे घडतं ते त्यातूनच घडतं. टाळता न येणारं दुःख गोष्टीत असतंच. आपल्याला महाभारत कुणी शिकवायला नको.

आता शेवट घ्या. सगळा तिसरा अंक एकाच प्रश्नाकडे चाललेला आहे: जादूगार की टेम्प्लर? जादूगारांना जन्मभर मनोऱ्यात कोंडून ठेवणारे टेम्प्लर, त्यांची वेडी झालेली सेनानायिका मेरेडिथ. समोर जादूगारांचा मुख्य ऑर्सिनो. अँडर्स नावाचा तुमचाच साथीदार देवळासारखी चँट्री उडवून देतो आणि तुम्हाला बाजू घ्यावीच लागते. तुम्ही टेम्प्लरांची घेतलीत तर ऑर्सिनोशी लढा, मग मेरेडिथशी लढा. जादूगारांची घेतलीत तर? ऑर्सिनोसोबत तुम्ही टेम्प्लरांची लाट परतवून लावलेली असते आणि नेमक्या त्या क्षणी तो निराश होऊन निषिद्ध रक्तजादू करतो, प्रेतांचा राक्षस होतो आणि तुमच्यावरच चालून येतो. मग त्याच्याशी लढा. मग मेरेडिथशी लढा.

याला हतबलता म्हणायचं? हतबल माणूस काहीतरी करून बघतो आणि जग त्याला पुरून उरतं. इथे जग काहीच करत नाही. दोन्ही रस्त्यांवर एकच दोन लढाया ठेवायच्या होत्या, कारण तिसरी बनवायला आणि तपासायला वेळ नव्हता असंच वाटतं, आणि म्हणून एका शहाण्या म्हाताऱ्याला पाच सेकंदांत मूर्ख करावं लागलं. आम्ही याला टिकेट बंद करणं म्हणतो. ज्याला हे तत्त्वज्ञान वाटतं त्यानं एकदा ती गुहाही तत्त्वज्ञान म्हणून समजावून सांगावी. (सांगतात. 'वॅरिक गोष्ट सांगतोय म्हणून त्याला सगळ्या गुहा सारख्याच आठवतात.' हे खरंच लिहिलं गेलंय आणि लिहिणारे गंमत करत नव्हते.)

'तुम्हाला बदलच नको असतो' हा आरोप चाहत्यांवर फार सहज होतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो. पूर्वरंगात बुवा एक अभंग घेऊन निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यान कुठलंही लावा: हरिश्चंद्र लावा, शिवाजी महाराज लावा, टिळक लावा. श्रोता तक्रार करत नाही, उलट नवं असलं तर सरसावून बसतो. पण निरूपणाचा धागा आख्यानात आला पाहिजे आणि शेवटी बुवांनी मूळ अभंगावर यायला पाहिजे. पूर्वरंगात समतेचं निरूपण करून उत्तररंगात वाडा परत मिळवल्याचं आख्यान लावलं तर श्रोता उठून जाईल, आणि त्याला 'जुन्यात अडकलेला' म्हणणं हा बुवांचा निव्वळ निलाजरेपणा होईल. कुणालाही 'ओरिजिन्स'चा नकाशा पुन्हा नको होता. लोकांना हवं होतं ते त्यातलं निरूपण.

सगळ्याच निराशा एका मापाच्या नसतात, हेही खरं. 'झपाटलेला' १९९३ चा. 'झपाटलेला २' वीस वर्षांनी थ्रीडीत आला. चष्मे लावून आमच्या पिढीनं तो बघितला आणि बाहेर येऊन सगळे एकच बोलले, लक्ष्या नाही ना राव. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेलेले. तिथे चिडणार कुणावर?

इथे मात्र चिडण्यासारखं कुणीतरी होतं आणि चाहते चिडले भलत्यावरच. २०१२ च्या सुरुवातीला बायोवेअरच्या एका लेखिकेची कित्येक वर्षं जुनी मुलाखत कुणीतरी उकरून काढली. तिनं त्यात म्हटलं होतं की जशी संवाद वगळायची सोय असते तशी लढाई वगळायचीही असावी. झालं. हिनंच गेम बुडवला असं ठरलं, आणि तिला अर्वाच्य शिव्या, धमक्या, फोन सुरू झाले. जिच्या हातात ना तारीख होती, ना बजेट, ना गुहा. ज्या खोलीत मार्च ठरला त्या खोलीतल्या एकाही माणसाचं नाव त्या पोरांना ठाऊक नव्हतं. मी चाहत्यांची बाजू घेऊन लिहितोय, पण ही पोरं माझ्या बाजूला उभी राहणार असतील तर मी सरकून बसेन. त्यांनी कंपनीवर उपकारच केले. कारण त्यानंतर 'ड्रॅगन एज २'वर टीका करणारा प्रत्येक माणूस त्या टोळीतला ठरवायची सोय झाली, आणि चौदा महिन्यांचा विषय मागे पडला.

२०२४ मध्ये हेच पुन्हा झालं. मधला 'इन्क्विझिशन' २०१४ चा. त्याला वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून पुरस्कार मिळाला. मग दहा वर्षं काही नाही. त्या दहा वर्षांत पुढचा भाग एकदा बंद करून वेगळा सुरू केला, ऑनलाइन सगळ्यांनी मिळून खेळायचा गेम करायला घेतला, पुन्हा एकट्यानं खेळायचा केला. ३१ ऑक्टोबर २०२४ ला 'द व्हेलगार्ड' आला आणि यूट्यूबवर लोक एका पात्राच्या लिंगओळखीवरून घसे कोरडे करत बसले. धोरण दोनदा फिरवणारे वरचे साहेब पुन्हा एकदा नामानिराळे.

त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये बायोवेअरनं पन्नासच्या आसपास लोकांना काढलं. त्यात मेरी कर्बी होत्या. 'ड्रॅगन एज २'मधलं जे चांगलं म्हणून सगळे व्हिडिओवाले दाखवतात, तो वॅरिक त्यांनी लिहिलेला. 'व्हेलगार्ड' आल्यावर जानेवारी २०२५ मध्ये ईएनं सांगितलं की गेमला साधारण पंधरा लाख खेळाडू मिळाले, अपेक्षेच्या जवळपास निम्मे, आणि पाठोपाठ बायोवेअर आणखी लहान केली गेली. 'ड्रॅगन एज २'ला रत्न म्हणणाऱ्यांनी एवढंच बघावं की ज्यांनी ते पैलू पाडले त्यांची किंमत कंपनीनं किती लावली.

'बायोवेअरकडे गेम बनवायला दहा वर्षं होती, मग वेळेचा मुद्दा कुठे राहिला?' असं विचाराल. दहा वर्षं कॅलेंडरवर होती. आमच्याकडेही एखादं प्रॉडक्ट तीन वर्षं 'चालू' असतं, त्यात दोनदा दिशा बदलते, आणि जे बाहेर जातं ते शेवटच्या आठ महिन्यांत लिहिलेलं असतं.

'इन्क्विझिशन'च्या वेळी बायोवेअरनं 'ड्रॅगन एज कीप' नावाची एक वेबसाइट काढली होती. आधीच्या भागांतले तुमचे निर्णय एकेक करून तिथे भरायचे, आणि नवा गेम ते लक्षात ठेवणार. कोण राजा झालं, कोण मेलं, बहीण कुणाच्या घरी गेली. पहिला भाग खेळून पाच वर्षं झालेली माणसं आठवून आठवून भरत बसली होती. काहींच्या जुन्या सेव्ह फाइली हार्ड डिस्कबरोबर गेल्या होत्या, पण निर्णय पाठ होते.

'व्हेलगार्ड' सुरू करताना फक्त तीन गोष्टी विचारल्या जातात, आणि तिन्ही 'इन्क्विझिशन'मधल्या. तुमचं प्रेम कुणावर होतं, तुम्ही तुमची संघटना ठेवली की मोडली, आणि सोलासला थांबवायचं ठरवलं होतं की वाचवायचं. ऑर्झॅमारच्या गादीवर कोण बसलंय, हे तो विचारत नाही.